टोप परत येतो

नाही, तसं नाही मॅडम, आधी पाणी घ्या — चार मजले चढून आलात, लिफ्ट गणपतीपासून बंदच आहे — आणि सर्वेश फोन घेत नाही म्हणून राग धरू नका, पोरगा तसा नाही. मरोळला कंपनीत आहे, यायची वेळ झालीच त्याची. पण तुम्ही थांबून उपयोग काय? मी त्याचा बाप, मीच सांगतो ना — आमच्याच्याने नाही होणार. त्या रक्तातल्या पेशी दुसऱ्या कुणाकडे मागा. — माहितीय, दुसरं कुणी जुळत नाही. लाखो माणसांत त्या पेशंटला एकटा आमचाच जुळला. या घरात कधी लॉटरीचं तिकीट लागलं नाही, आणि हे लागलं.

आणि बोलायचं कुणाला? तुमच्या संस्थेचा तो पेशीदानाचा कॅम्प लागला कुठे, तर इथेच, वाकोल्यात, आमच्या गावच्या मंडळाच्या सत्यनारायणाला. माइकवर कोण होतं? मीच, दशरथ. 'पोरांनो, दुखत नाही काही, गालातून कापसाची काडी फिरवायची, कुणाचा तरी जीव वाचेल.' टाळ्या पडल्या. त्या वेळी 'कुणाचा तरी' म्हणजे कुणाचाच नाही असं वाटतं ना माणसाला. — ती? ती माळ्यावरची भांडी मंडळाची. टोप, पराती, कढया. लग्न असो, बारावं असो, ज्याला लागेल त्याने न्यायची, वर्गणी दिलेली असो नसो. चावी माझ्याकडे, आणि इतक्या वर्षांत एकालाही मी रिकाम्या हाताने परत पाठवलेलं नाही, विचारा कुणालाही. तुमचंही तसंच म्हणालात ना — सगळ्यांचं एका ठिकाणी ठेवायचं, गरज पडेल त्याला द्यायचं, वर ती रक्ताची एक नळी जास्तीची, संशोधनाला, कुठल्याही डॉक्टरने मागितली तरी मिळेल अशी. चांगलंच आहे की. पण टोप परत येतो, मॅडम. पोचा पडून का होईना, येतो.

— हो हो, पाठ आहे मला. पाच दिवस इंजेक्शनं, मग एका हातातून रक्त काढणार, पेशी बाजूला करून बाकीचं दुसऱ्या हातात सोडणार, ऑपरेशन नाही, संध्याकाळी घरी. जानकीच्या वेळीही असंच सांगितलेलं — जानकी म्हणजे सर्वेशची आई, ती फोटोत — पित्ताचे खडे, साधं काम, उद्या घरी. सही मी केली. आली ना घरी दुसऱ्या दिवशी. अ‍ॅम्ब्युलन्समधून आली, पांढऱ्या चादरीत. मग आता कुणी 'साधं काम' म्हटलं की मला तीच चादर दिसते, त्याला मी काय करू?

आणि माझं सोडा, देवानेच नाही म्हटलंय. तुम्हाला पटायचं नाही, पण आमच्यात गावच्या देवाला विचारल्याशिवाय मोठं काही करत नाहीत. देवाच्या पाषाणाला फुलांचे ओले कळे लावायचे, गाऱ्हाणं घालायचं, उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही — त्याला कौल म्हणतात. गावी माझा चुलतभाऊ आहे, तो गुरवाला घेऊन बसला रविवारी. संध्याकाळी सर्वेशला मी सांगितलं, डावा पडला. तो जेवला, ताट उचललं, झोपला. आईच्या फोटोपुढे दिवा तोच लावायचा रोज, तेव्हापासून तोही लावत नाही. — पुन्हा विचारू? अहो, दोनदा तर लावला. भाऊ म्हणाला, दशरथा, आता तिसऱ्यांदा लावूचो नाय, देवाक काय खुळो समजलंस? दोन्ही वेळा उजवाच —

डावा. डावा म्हणायचं होतं मला. पंखा वाढवू का? — असं बघू नका ना माझ्याकडे.

बरं, ऐकलंत तर ऐकलंत. मग पुढचंही ऐका. सोमवारी त्या माणसाला औषध सुरू करणार ना तुम्ही, त्याच्या हाडातलं जुनं, रक्त तयार करणारं सगळं मारून टाकायचं? म्हणजे आज हो म्हटलं आणि नंतर माझी भीतीने गाळण उडाली, तरी सर्वेशला मागे फिरवता यायचं नाही, फिरवला तर तो माणूस गेला. कागदावर लिहिलंय खरं, केव्हाही नाही म्हणता येतं. कसलं येतंय? आणि आज नाही म्हटलं तरी तो जाणारच, फक्त माझ्या डोळ्यांआड. हो म्हटलं तरी अडकलो, नाही म्हटलं तरी अडकलो. म्हणून देवाला मध्ये घातला, म्हटलं तो तरी बापाची बाजू घेईल, तर तोही तुमच्यात जाऊन बसला. आता पोराला खरं सांगितलं तर तो उद्याच तुमच्याकडे येणार, मी ओळखतो त्याला. नाही सांगितलं तर राहील इथेच, माझ्यासमोर, असा मुका. एकुलता एक आहे हो. दुसरं काय आहे माझ्याकडे, भांडी?

— नको. हात नका जोडू, पोरी. उठा आता. मी त्याला सांगू शकत नाही, जीभच वळत नाही माझी, रविवारपासून बघतोय. तुम्ही निघा. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर दिवा नाही, कठड्याला धरून उतरा. सर्वेश याच जिन्याने येतो, आता येईलच, निळा शर्ट आहे, पाठीला काळी बॅग. भेटलाच तर — सांगू नका, असं मी काही म्हटलेलं नाही तुम्हाला. जा. दार ओढून घ्या.