दुसऱ्या आजाराचं औषध

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाचे संचालक, व्यासपीठावरचे सर्व ज्येष्ठ डॉक्टर, परिचारिका भगिनी, औषध विभागातली मंडळी, समोर बसलेले रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत त्या आपल्या त्वचाविभागाच्या डॉक्टरबाई, सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. रुग्णालयाच्या मागच्या फाटकासमोर माझी लाँड्री आहे. ‘पाच मिनिटांत देतो’ असं मी म्हणतो तेव्हा पुढे काय होतं, हे इथल्या बऱ्याच डॉक्टरांना अनुभवाने ठाऊक आहे. ज्यांच्या कोटावरचे शाईचे डाग माझ्याकडून निघाले नाहीत, त्यांनी आजचा दिवस तो राग बाजूला ठेवावा.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी बाईंचा अभ्यास, त्यांची शिस्त, त्यांनी घडवलेले विद्यार्थी यांच्याबद्दल फार सुंदर सांगितलं. मला त्यातलं काय कळणार? मला रुग्णांच्या वतीने बोलायला सांगितलंय. निमंत्रण द्यायला आलेल्या डॉक्टरांना मी म्हटलं, “अहो, रुग्ण माझी बायको होती, आणि ती आता नाही.” ते बिचारे चाचरले. “काका, मग बऱ्या झालेल्यांपैकी कुणी...” पण मला बोलवा, असं बाईंनीच सांगितलं होतं. तेव्हा सभागृहाची परवानगी आहे असं समजून मी जे घडलं ते सांगतो.

सुरुवात तोंडातल्या फोडांपासून झाली. आम्हाला वाटलं, उष्णता असेल. मग दातांचा डॉक्टर झाला, पोटाचा झाला. तिला पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. पुढे पाठीवर, छातीवर, मांड्यांवर फोड. ते फुटायचे आणि कातडी सुटून यायची, भाजल्यासारखी. बाईंनी तपासून सांगितलं की याला पेम्फिगस म्हणतात. शरीरातले रक्षणकर्तेच आपल्या कातडीवर उलटतात. रात्रंदिवस अंगाला चादर चिकटायची. मी कोमट पाणी शिंपडत, बोटाबोटाने ती सोडवायचो. उभा जन्म कपड्यांत गेला माझा, पण कापडाची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. फोड आटोक्यात यायचे, गोळ्या कमी केल्या की पुन्हा उसळायचे. चेहरा सुजून असा गोल झाला की जुनी गिऱ्हाईकं तिला ओळखेनात. साखर वाढली. एकदा पाण्याची बादली उचलायला वाकली आणि पाठीचा मणका पिचला. आमची लेक तेव्हा शाळेत होती. आईजवळ जायची ती हात मागे बांधून, चुकून धक्का लागू नये म्हणून.

तेव्हा एका दुपारी बाईंनी आम्हाला समोर बसवलं. माझा मेहुणाही होता. मोटार चालवायला शिकवतो तो; त्यामुळे समोरच्याने काही केलं की याचा पाय आधी ब्रेकवर.

बाई म्हणाल्या, “एक औषध आहे. पण ते तुमच्या आजाराचं नाही. रक्ताच्या एका कॅन्सरसाठी त्याला मान्यता आहे. परदेशात काही डॉक्टरांनी ते या आजारात वापरलं, बऱ्याच जणांना गुण आला. आपल्याकडे या आजारासाठी त्याला अजून मंजुरी नाही. मी स्वतः ते यासाठी कुणालाही दिलेलं नाही.”

मेहुणा ताडकन उभा राहिला. “म्हणजे ताईला कॅन्सर आहे आणि आमच्यापासून लपवताय?”

“नाही. तसं असतं तर हे औषध सुचवणं मला सोपं गेलं असतं.”

“मग दुसऱ्याचं औषध तिला कशाला? तिच्यावर प्रयोग करायचाय?”

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “हा आजार फार थोड्यांना होतो. थोड्यांसाठी मोठ्या चाचण्या व्हायला वर्षं जातात. त्या होईपर्यंत आम्ही त्वचेचे डॉक्टर पुष्कळदा असं दुसऱ्या आजाराचं औषध वापरतो. कायद्याने ते चालतं. पण चालतं म्हणून धोका कमी होत नाही. हे औषध शरीराची लढायची ताकदच कमी करतं. साधा खोकलासुद्धा जिवावर बेतू शकतो.”

माझी बायको इतका वेळ दोघांचं ऐकत होती. बोलताना तिचे ओठ फुटायचे, म्हणून ती मोजकंच बोलायची. तिने विचारलं, “तुमची सख्खी बहीण असती तर दिलं असतं?”

आता अशा वेळी कुणीही काय उत्तर देईल? ‘हो, नक्की दिलं असतं.’ आम्हाला तेच ऐकायचं होतं. बाई म्हणाल्या, “माहीत नाही. बहिणीच्या बाबतीत मला धड विचारच करता आला नसता.”

घरी येताना मेहुणा म्हणाला, “भाऊजी, ज्या डॉक्टरला स्वतःलाच खात्री नाही, तिच्या हाती ताईला द्यायची?” मला पटत होतं त्याचं. पण ही म्हणाली, “तिने खोटं बोलायची संधी सोडली. मी हे औषध घेणार. मला माझ्या पोरीला जवळ घ्यायचंय.”

तिने औषध घेतलं आणि गुण आला. एकदम नाही, पण आला. आधी नवे फोड थांबले, मग जुने सुकले. चेहऱ्याची सूज उतरली. एक दिवस तिने कडक भाजलेला पाव मागितला, आणि तो कुरुमकुरुम वाजवत खाल्ला. लेक, मेहुणा आणि मी तो आवाज ऐकत बसलो. लेकीचे मागे बांधलेले हात सुटले. दोघी एका चादरीत झोपू लागल्या. ही दुकानात यायला लागली, आणि माझ्या इस्त्रीला नावंही ठेवू लागली. ते दिवस आम्हाला मिळाले. ते कुणी दिले, हे मी विसरलेलो नाही.

मग थंडीत तिला खोकला झाला. आम्ही लगेच आलो. बाईंनी, छातीच्या डॉक्टरांनी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. ती गेली.

अध्यक्ष महाशय, समारंभात हे बोलू नये, मला कळतं. पण पुढचं सांगायचं तर हे गाळता येत नाही.

आम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. बाई आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, “हे त्या औषधामुळे झालं असण्याची शक्यता खूप आहे. औषध मी दिलं होतं.” मेहुणा वाटेल ते बोलला. त्यांनी ऐकून घेतलं. ‘तुम्हाला आधीच सांगितलं होतं’ हे वाक्य त्या म्हणू शकत होत्या. म्हणाल्या नाहीत. त्यानंतर कित्येक महिने त्यांचा कोट दुकानात आला की मी तो कामगाराकडून धुवून घ्यायचो, स्वतः हात लावायचो नाही.

एक दिवस त्या स्वतः आल्या. कपड्यांसाठी नव्हे. “तोच आजार असलेली एक बाई आलीय. तिलाही हेच औषध द्यावं असं मला वाटतं. मी तिला सगळं सांगितलंय, पण ते डॉक्टरचं सांगणं झालं. तुम्ही बोलाल तिच्या नवऱ्याशी?”

मी भडकलो. “तुमच्या औषधाची जाहिरात करू?”

“नाही. तुमच्या बायकोचं सगळं सांगा. शेवटासकट. त्यांनी नको म्हटलं तर मी दुसरं काही बघेन.”

मी नाही म्हटलं. त्या बरं म्हणून गेल्या. मी मात्र दिवसभर बेचैन. दुसऱ्याच दिवशी त्यांना निरोप पाठवला, पाठवा त्याला. तो माणूस आला. काउंटरजवळ उभं राहून मी त्याला फोडांपासून खोकल्यापर्यंत सगळं सांगितलं. त्याने विचारलं, “मग आम्ही काय करावं?” मी म्हटलं, “ते मी सांगणार नाही. आमच्या घरात जिच्या अंगावर फोड होते तिने ठरवलं. तुमच्याही घरात तिलाच विचारा.”

त्याच्या पत्नीने औषध घेतलं. त्या आज इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्यानंतर एक गृहस्थ आले, त्यांनी माझं ऐकून नको म्हटलं. जुन्याच गोळ्यांवर, दुखत-खुपत का होईना, ते चाललेत. बाईंनी त्यांना अंतर दिलं नाही. अशी पुष्कळ माणसं येऊन गेली. मी काय सांगतो, कसं सांगतो, हे बाईंनी मला एकदाही विचारलं नाही. पुढे त्या औषधाला या आजारासाठीही रीतसर मान्यता मिळाली. ती बातमी सांगायला त्या दुकानात आल्या, आणि त्या दिवशी त्यांच्या कोटाला मी स्वतः इस्त्री केली.

गेल्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. म्हणाल्या, “मी आता निवृत्त होतेय. तुम्हीही थांबा हवं तर. प्रत्येक वेळी सांगताना तुम्हाला काय होत असेल, हे मी कधी विचारलंच नाही.”

बाई, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, मला बोलता आलं नाही. आता बोलतो. आमच्या घरात तिचं नाव निघालं की लेक विषय बदलते. मेहुणा उठून गॅलरीत जातो. चूक कुणाचीच नाही, त्यांना सोसत नाही. पण तुम्ही पाठवलेली माणसं येतात तेव्हा ती माझ्या बायकोबद्दल विचारतात. ती काय म्हणाली, कशी हसली, पाव कसा खाल्ला, सगळं विचारतात, आणि शेवटपर्यंत ऐकून घेतात. एवढं ऐकणारं मला दुसरं कोण आहे?

म्हणून बाईंच्या जागी येणाऱ्या डॉक्टरसाहेबांना माझी हात जोडून विनंती आहे. माणसं पाठवत राहा. मला वेळ आहे.

अध्यक्षांचा, आयोजकांचा आणि आपण सर्वांनी इतकं शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपला मी मनापासून आभारी आहे. आनंदाच्या सभेत दुःखाचं बोललो, वेळही बराच घेतला; माणूस कपड्यांतला आहे, भाषणातला नाही, एवढं लक्षात घेऊन सांभाळून घ्या. नमस्कार.