लेथवरचे तुळजाजीराव

…आणि तेसुद्धा लाकडाचे! अहो, कागदाचे म्हणायचे, मातीचे म्हणायचे, पण नाही, तुळजाजीराव म्हणाले लाकडाचे! तुम्हाला सांगतो, माणसाला गप्प बसता येत नाही का?

तुळजाजीराव म्हणजे आपल्या तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतले. बावीस वर्षं ओरत्तनाडूला कारकून, सकाळच्या बसनं जाणार, संध्याकाळच्या बसनं येणार, काप्पी पिणार आणि पंख्याखाली आडवे होणार. लाकडाशी त्यांचा संबंध काय तो खुर्चीपुरता! तर चौऱ्याण्णव साली त्यांच्या मुलीला, कीर्तनाला, बंगळूरचं स्थळ आलं. मुलगा कार्तिक कम्प्यूटर कंपनीत, घरात मराठी बोलणारे, आपल्यातलेच, आणि कुंभकोणमच्या एका लग्नात पोरांनी एकमेकांना पाहून पसंतही केलेलं. आता अशी घरं उरलीत किती हो? बोटांवर मोजा, बोटं उरतील!

मुलाचे वडील शिवराजराव बँकेतून रिटायर झालेले. त्यांना फोन करायला तुळजाजीराव गेले कोपऱ्यावरच्या नव्या एसटीडी बूथमध्ये. करंट गेलेला, बूथवाल्यानं मेणबत्ती लावून दिलेली. सगळं गोड बोलणं झालं, आणि शिवराजरावांनी सहज विचारलं, "ऑफिसनंतर काय करता हो तुम्ही?"

काही नाही, म्हणायचं! पण मुलीचा बाप… 'काही नाही' म्हणायला जीभ वळेना. डोळ्यांसमोर होतं काय, तर दोरीनं बांधलेलं पेन आणि जळती मेणबत्ती. म्हणाले, "पेनं करतो. आणि मेणबत्तीचे स्टँड."

"करता? म्हणजे स्वतः, हातानं?"

"हो तर! लाकडाचे. लेथवर."

"वा वा! पुढच्या महिन्यात येतोच आहोत आम्ही, तेव्हा करूनच दाखवा!"

सांगा, गप्प बसता येत नव्हतं का?

घरी येऊन बायकोला सांगितलं. श्रीविद्याबाई दोसा उलटत होत्या, तो तव्यावरच राहिला. "अहो, तुम्हाला भिंतीत खिळा ठोकता येत नाही, आणि लेथ? त्यांना कळलं की बाप थापाड्या आहे, तर पोरीला करून घेतील का?" आतल्या खोलीत कीर्तनानं हळूच दार लोटून घेतलं. तेच तुळजाजीरावांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी गाठला चिदंबर कातारी. लेथवर लाकूड कातून वीणेच्या खुंट्या आणि पाळण्याचे खांब करणारा माणूस.

"किती दिवसांत शिकायचंय, सार?"

"एक महिना."

"अय्यो! मी सात वर्षं शिकलो, सार!"

"मला दोनच वस्तू पाहिजेत रे!"

झालं सुरू! फणसाचा ठोकळा गरगर फिरतोय, तुळजाजीरावांच्या हातात पटाशी, चिदंबर ओरडतोय, "टेकवा, सार, टेकवा! ढकलू नका!" आणि यांनी ढकललं! खाडकन ठोकळा सुटला तो भिंतीवरच्या कॅलेंडरातून आरपार. मग मेणबत्तीचा स्टँड. इकडे जाड झाला म्हणून इकडे कातला, मग तिकडे जाड वाटला म्हणून तिकडे कातला, असं करत करत वीतभर स्टँडचा करंगळीएवढा झाला. चिदंबर उलटसुलट बघून म्हणतो, "परवाइल्लै, सार, हरकत नाही, वीणेची खुंटी झाली. मी वापरतो." आणि पेनं? लांब भोक पाडायचं रिफिलसाठी, सरळ! सहा पेनं केली, सहांच्याही कुशीतून रिफिल बाहेर! कानात भुसा, मिशीत भुसा, ऑफिसच्या फायलींत भुसा. आणि हे सगळं कशापायी, तर गप्प बसता आलं नाही म्हणून!

पण एका संध्याकाळी गंमत झाली. पटाशी नुसती टेकली आणि लाकडाची लांबच लांब पिवळी साल सुटत गेली, रिबिनीसारखी. वास सुटला फणसाचा. चिदंबर काही ओरडला नाही, आणि तुळजाजीराव पाच मिनिटं बंगळूर विसरले.

एवढ्यात आलेच पाहुणे! उप्पिट झालं, काप्पी झाली, बायकांच्या गप्पा रंगल्या, आणि शिवराजराव उठले. "चला, लेथ कुठं आहे?"

चिदंबरच्या दुकानात दोघंच, चिदंबर बाहेर पायरीवर. मोटर सुरू झाली. तुळजाजीरावांनी पटाशी उचलली. बघितलं ठोकळ्याकडे, बघितलं शिवराजरावांकडे, आणि खटकन बटण बंद केलं.

"शिवराजराव, मी खोटं बोललो. महिनाच झाला शिकतोय, येत काही नाही. राग माझ्यावर काढा, पोरीचा यात दोष नाही."

शिवराजराव तिथंच भुशात बसले, दाराबाहेर बायको नाही ना बघून घेतलं, आणि म्हणाले, "खरं सांगता? येत नाही? अहो, वाचवलंत! रिटायर झाल्यापासून मी केबल बघतोय सुखानं. तुमचा फोन आला आणि ही रोज सुरू… 'ते तंजावूरचे बघा, आणि तुम्ही बघा!' महिनाभर टीव्ही लावू दिला नाही हो!"

दोघं असे हसले की चिदंबरनं न विचारता चहा मागवला. संध्याकाळी साखरपुड्याची तारीख ठरली. तुळजाजीरावांना महिन्यानं पहिल्यांदा गाढ झोप लागली.

आता तरी गप्प बसायचं की नाही? पण नाही, दोघांनी घरी हसत हसत सगळं सांगून टाकलं! शिवराजरावांची बायको म्हणाली, "मग बरंच झालं. दोघं मिळून शिका!"

लग्न होऊन वर्ष झालं. दर महिन्याला आठ दिवस शिवराजराव बंगळूरहून येतात आणि व्याही-व्याही लेथपुढे उभे! शिवराजरावांचा ठोकळा अजून कॅलेंडर शोधतो. आणि तुळजाजीरावांचा हात? असा बसलाय म्हणता, चिदंबर त्यांना खऱ्या खुंट्या करायला देतो. पण घरी कळलं तर विहीणबाईंचं पुन्हा 'ते तंजावूरचे बघा' सुरू, आणि बंगळूरला पुन्हा टीव्ही बंद! म्हणून चांगला झालेला स्टँड दुकानातच ठेवतात, आणि घरी न्यायला रोज एक मुद्दाम वाकडा करतात. मुलीचा बाप… करणार काय!