धूळ : कमी, मध्यम, जास्त

भाऊ : रोबोच्या फॉर्मात मालाचं वजन विचारलंय. चौदा किलो म्हणजे कच्चा माल, की घासून झालेला, दाजी?

दाजी : कच्चा. घासला की साडेतेरा. पण नुसतं चौदा लिहून मोकळा होऊ नकोस. तुझा रोबो तो धरणार कशानं?

भाऊ : पुढे पकड असते ना. पोलादी पंजा.

दाजी : मग त्या पंजाचं वजनही त्याच्याच हातावर आलं. सहा-सात किलो धर. शिवाय ग्राइंडरच्या चाकावर टेकवला की चाक मागं रेटतं, ते वेगळंच. चौदाचं यंत्र आणलंस तर पहिल्याच दिवशी मान टाकेल.

भाऊ : तीसचं लिहितो.

ताई : अरे, दमानं विचार त्यांना. सकाळपासून दोनदा वाफ घेतलीय.

दाजी : असू दे गं. दोन वर्षं झाली घरी बसून. ग्राइंडरबद्दल कुणी विचारलं होतं का मला?

भाऊ : मॅनेजरच म्हणाले, ताई. त्या जागेवर तेवीस वर्षं उभा राहिलेला माणूस तुझ्या घरातला आहे, मग बाहेरचा सल्लागार कशाला?

ताई : घरातला! हे बरं आठवलं त्यांना.

भाऊ : पुढचं. हात किती लांब पोचायला हवा? मी दीड मीटर धरलंय. मालाच्या खोक्यापासून चाकापर्यंत मोजलं.

दाजी : खोक्याच्या काठापासून मोजलंस ना?

भाऊ : हो.

दाजी : तळापासून मोज. सकाळी खोका भरलेला असतो, सगळे उभ्या उभ्या उचलतात. दुपारनंतर तळाशी वाकावं लागतं. माझी कंबर सकाळी नाही गेली, दुपारी गेली. काठाचं माप घेऊन यंत्र आणशील तर खालचा माल तसाच राहील.

भाऊ : हे खरंच डोक्यात आलं नव्हतं.

दाजी : तू केबिनच्या काचेतून बघत होतास, मेव्हण्या. काचेतून तळ दिसत नाही.

भाऊ : सांधे? चार सांध्यांचं स्वस्त पडतं, सहाचं महाग.

दाजी : आतल्या कडेला घासायचं तर मनगट वळायला हवं. चारचं नुसतं इकडचं उचलून तिकडं ठेवेल. सहा घे.

भाऊ : अचूकता? केसाच्या निम्म्या जाडीएवढी देतात म्हणे.

दाजी : घासायला? ते सोनाराकडं दे. आपल्याकडं ओतीव माल एकासारखा दुसरा नसतो, आणि चाक रोज झिजतं. त्याला ते कळलं पाहिजे. मला आवाजावरून कळायचं. त्याला काय लावणार आहात, ते आधी विचार.

ताई : चहा घ्या. आणि तो कागद इकडे दे बघू, काय काय विचारलंय ते बघते.

भाऊ : अगं, तुला नाही कळायचं, सगळं यंत्राचं आहे.

ताई : मराठीत आहे ना? 'रोबो का हवा? योग्य तिथे खूण करा. उत्पादन वाढवणे. दर्जा एकसारखा ठेवणे. कामगारांची गैरहजेरी...' ही बरी आहे, याला रजा नको, आजारपण नको.

भाऊ : सगळ्याच कारखान्यांत हीच कारणं असतात, ताई. तीन पाळ्या चालतो, थकत नाही, शेवटचा नग पहिल्यासारखाच निघतो. यात वाईट काय?

ताई : वाईट कुठं म्हटलं मी? वाचू दे. 'काम माणसास धोकादायक असणे.' यावर खूण आहे. दोनदा गिरवलीय.

भाऊ : ती मॅनेजरनी करायला लावली. त्या कारणाखाली वरच्या ऑफिसातून फाइल लवकर सुटते.

ताई : म्हणजे खूण तूच केलीस.

भाऊ : केली.

ताई : आणि दोन महिन्यांपूर्वी यांची छाती तपासणाऱ्या डॉक्टरांना तू काय लिहून दिलंस? थांब, कपाटातून काढायची गरज नाही, पाठ आहे मला. 'ग्राइंडर विभागात हवा खेळती असून धूळ नगण्य आहे. कामात धोका नाही. सदर कामगारास विडीचे व्यसन असल्याचे कुटुंबीयांना माहीत आहे.' खाली तुझी सही. सुपरवायझर.

दाजी : जाऊ दे गं.

ताई : का जाऊ दे? कुटुंबीय म्हणजे कोण रे? मी? मला तर यांच्या तोंडाला कधी वास आला नाही विडीचा. बाबांना तुझ्या पँटच्या खिशात विड्या सापडल्या होत्या, आठवतं? बाबा पट्टा काढून उभे होते. तेव्हा हे म्हणाले, माझ्या आहेत, मीच त्याच्याकडं ठेवायला दिल्या. लग्नाला सहा महिने झाले नव्हते. सासऱ्यासमोर मान खाली घालून उभे राहिले तुझ्यासाठी. तेच खोटं तू यांच्या नावावर चढवलंस.

भाऊ : मॅनेजर समोर बसून सांगत होते, ताई. मी फक्त लिहीत होतो.

ताई : आजही तूच लिहितोयस.

दाजी : पुढचा प्रश्न काय आहे?

भाऊ : राहू दे, दाजी. बाकीचं मी भरतो.

ताई : मी वाचते ना. 'जागेवरील धूळ : कमी, मध्यम, जास्त.' इथं खूण नाही. पेन टेकवून उचललेलं दिसतंय, ठिपका पडलाय.

भाऊ : 'मध्यम' करणार होतो.

ताई : नगण्य नाही?

भाऊ : नगण्य लिहिलं तर साधं यंत्र येईल. जास्त लिहिलं तर पूर्ण झाकलेलं येतं, सांध्यांना आवरण, वर हवा खेचणारा पंखा. पण मग हा कागद आणि तो कागद... उद्या कुणी शेजारी शेजारी ठेवले तर मी कुठं तोंड दाखवू?

ताई : यंत्राला पहिल्या दिवसापासून पंखा! यांनी पंख्यासाठी अकरा अर्ज केले. मी माझ्या जुन्या साडीची फडकी फाडून दिली तोंडाला बांधायला. किती धूळ ते मला विचार. रोज धुवायचे. पहिलं पाणी काळं, दुसरं काळं, तिसऱ्याला बादलीचा तळ दिसायचा.

(दाजींना खोकला येतो. बराच वेळ थांबत नाही.)

ताई : पाणी घ्या. हळू. बोलू नका आता.

भाऊ : ताई, मला कळत नाही असं वाटतं का तुला? त्या कारखान्यात मला दाजींनीच चिकटवलं. डिप्लोमाची फी भरली त्यांनी. पण माझीही दोन मुलं आहेत.

ताई : तुझी नोकरी नाही मागत मी. सोमवारी डॉक्टरांसमोर चौकशी आहे, यांचा आजार धुळीचा की विडीचा याची. तुला बोलावलंय. तिथं एवढंच सांग, की तिथली धूळ जास्त होती. यांना शेजारीपाजारी विडीबाज म्हणतात रे. काल डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला किती? हे गप्प बसून राहिले. तेवढं पुसून टाक.

भाऊ : सोमवारी मी नाहीये.

ताई : नाहीस म्हणजे?

भाऊ : रजा टाकलीय. सासुरवाडीला जायचंय. लिहून दिलेलंच ग्राह्य धरतील, मॅनेजर म्हणाले.

ताई : बघा. यासाठीच रोबो हवा असतो त्यांना. तो निदान रजा टाकत नाही.

भाऊ : ताई...

ताई : तुम्ही काही सांगू नका हो याला. एक अक्षर नको. 'मध्यम' लिही तू, आणि जा. सडू दे तुझं यंत्र.

दाजी : 'जास्त' लिही.

ताई : अहो!

दाजी : मध्यम लिहिलंस तर उघड्या सांध्यांचं येईल. सहा महिन्यांत धुळीनं सांधे धरतील. दुरुस्तीचा माणूस येईस्तोवर काम काय थांबणार आहे? चाकासमोर पुन्हा कुणाला तरी उभं करतील. आणि तोंडाला फडकं बांध म्हणून सांगायला तूच जाशील. लिही.

भाऊ : ...लिहिलं.

दाजी : वाच.

भाऊ : 'जागेवरील धूळ, जास्त. संपूर्ण आवरण आवश्यक. हवा खेचणारा पंखा आवश्यक.' येतो मी, दाजी. ताई, येतो.

ताई : थांब. बस खाली. त्यांनी डोळे मिटलेत, पण ऐकतायत. पुन्हा एकदा वाच. सावकाश.