पाटलाच्या बैलाची पुरणपोळी

"आजवर चालत आलं, म्हणून पुढंबी चालवा," असं कोणी म्हटलं का मले माह्या बापाची याद येते अन् हसू आवरत नाही.

आमचं गाव फुलसावंगीजवळचं. आमी बौद्ध झालो अन् मेलेलं ढोर ओढणं आमच्या लोकायनं सोडलं. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, ऐन पोळ्याच्या सकाळी पाटलाचा बैल मेला. पाटील तडक आमच्या दारात. त्याच्या मागं निम्मं गाव, तमाशा पाहाले.

"काहून रे, तुह्या आजानं ढोरं ओढले, हे खरं का खोटं?"

"खरं," बाप म्हणाला.

"तुह्या बापानं?"

"त्यानंबी ओढले."

"मंग झालं तर! तुलेबी ओढाच लागते. चाल."

मायनं दाराआडून बापाचा सदरा ओढला. बाप मात्र गार. म्हणाला, "पाटील, दर पोळ्याले या बैलाले पुरणपोळी तुमीच चारता, हे खरं का खोटं?"

"खरं. माह्या सोताच्या हातानं चारतो."

"गेल्या सालीबी चारली?"

"चारली नं!"

"मंग आजबी चाराच लागते. जा, त्याले चारून या, मंग मी ओढतो."

मागं उभं गाव फिदीफिदी हसाले लागलं. पाटील खवळला, "अबे, मेला नं तो! खाईन कसा?"

"आमचा रिवाजबी मेला, पाटील," बाप म्हणाला. "आता दोघायले एकाच खड्ड्यात गाडा."