सावळीला ब्लीच लावू नका

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्याने बोल, हा फोन लेकीचा आहे, कानाला नेमका कुठे लावायचा तेच मला कळत नाही… हां, आता येतोय आवाज. धाकटे, तू होय! बोल बोल.

हो गं, बरी आहे. काल पट्टी काढली… दिसतं की! इतकं दिसतं म्हणून सांगू. लेकीच्या घराच्या भिंती पिवळ्या आहेत असं मी आजवर धरून चालले होते. पांढऱ्या आहेत गं! आणि आरशात बघितलं, तर लगेच म्हटलं, ती पट्टी कुठे टाकलीत, परत बांधा.

नाही, अजून काही दिवस वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही. आणि ओरडायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय… छे, मी कशाला ओरडेन? इथे कोण आहे ओरडायला? तू सांग. तिकडे सगळं ठीक ना?

‘तसं ठीक’ म्हणजे कसं ठीक?

हे जेवतात ना वेळेवर?… झोपतात?… गोळ्या?… मग आता राहिलं काय?

सावळी? सावळीला काय झालं?

काळी पडलीय?… अगं, काळीच आहे ती!… हो, हो… अगं ऐक ना. तिची पानं काळीच असतात… नाही, करपलेली नाहीत. कीडही नाही. काजळी नाही, काही नाही. मुळातच काळी. वांग्याचा रंग असतो ना, त्याच्याही पुढे गेलेली. थंडीत सगळी जमिनीत गडप होते, आणि थंडी सरली की कोंब वर येतो, तोही काळाच… मग मी तिला सावळी म्हणते ते काय उगाच?… हो, लाडानेच म्हणते. पण काळ्याला सावळं म्हणायचं, यातच तर लाड आला ना! तुला नाही का सगळे नाजूक म्हणायचे?

बरं बरं, चिडू नकोस. ऐक. तुला फक्त पाणी घालायचं होतं. माती ओली राहायला हवी, बस्स. जाताना मी काय सांगितलं होतं? पाणी घाल आणि बाकी कशाला हात लावू नकोस… तू नाही लावलास? मग कोणी लावला?

ह्यांनी?

अगं, पण हे कधी मागच्या अंगणात फिरकत नाहीत… तू बोलावलंस! कशाला?… ‘भाऊजी, हे बघा काय झालंय.’ अगदी अस्सं म्हणालीस? लॉन्ड्रीत आयुष्य काढलेल्या माणसाला काळा डाग दाखवून ‘हे बघा काय झालंय’ म्हणालीस? अगं, दुकान बंद झालं म्हणून माणूस बंद होतो का! परवा लग्नात ते नवरदेवाच्या बाहीला थुंकी लावायला निघाले होते. मी शालीला धरून मागे ओढलं.

मग? पुढे काय केलं त्यांनी?… सांग तू. मी ओरडत नाहीये. हा माझा नेहमीचा आवाज आहे.

धुतली?

सावळी धुतली?

कशाने?… साबणाने… मऊ ब्रशने… एकेक पान… दोन्ही बाजूंनी… आणि तू काय करत होतीस?… पाणी ओतत होतीस. वा! जोडीनेच बसलात की पूजेला.

नाही गं, हसत नाहीये. ठसका लागला.

बरं, साधा साबण ना?… बरं… नुसतं धुतलंत, तर मरायची नाही ती. मग खळखळून पाणी घातलंत ना?… तीन पाण्यांतून काढलीत. अर्थात. बाबांच्या लॉन्ड्रीतली शिस्त… हो गं, मला आठवतंय. तिसऱ्या पाण्याला बाबा बोट बुडवून जिभेला लावायचे. आई म्हणायची, एक दिवस हा माणूस तोंडातून फेस काढील. ती मागची मोठी खोली, वाफ इतकी की आपण दोघी एकमेकींना नुसत्या आवाजावरून ओळखायचो… हो, आणि तू त्या गिऱ्हाइकालाच मिठी मारलीस! तो बिचारा कोट न्यायला आला होता… पुढे वर्षभर तो माणूस कपडे घरी धूत होता.

काय?… हां, सावळीचं सांग. धुतली, मग?

डाग निघाला नाही. निघणार कसा? मग सोडून दिलं ना त्यांनी?… व्हिनेगर. एका पानाला. कुठल्या?… खालच्या, आतल्या बाजूच्या. दिसणार नाही अशा ठिकाणी आधी करून बघायचं, हो ना? निदान तेवढं तरी धड केलं. ते पान गेलंच म्हण… असू दे. एक पान दिलं मी त्यांना.

मग आता ती कुठे आहे? भिंतीपाशीच आहे ना, जुन्या टबात?

वाळत घातलीय?

थांब. नीट सांग. मी इथे खुर्चीत बसते… हां, बसले. वाळत म्हणजे?… टबासकट ट्रॉलीवर चढवली. कपड्यांच्या ट्रॉलीवर. आणि ढकलत नेली दोरीखाली. भर उन्हात… धुतलं म्हणून वाळायला घातलं. बरोबरच आहे बाई, न वाळवता ठेवलं तर कुबट वास यायचा झाडाला!

आणि तो दांडा?… अगं, मधून एक उंच काळा दांडा आलाय ना, टोकाला बारीक बारीक कळ्या आहेत… वाकत होता? मग?… चिमटा!… दोरीला चिमट्याने लावलाय. कपड्यासारखा.

धाकटे, ऐक. तो दांडा मोडलेला नाही ना?… नीट बघ. बोट लावू नकोस, नुसतं बघ… नाही? नक्की? हुश्श… अगं, तुला माहीत नाही. त्या दांड्यासाठी मी किती वर्षं वाट बघतेय. घरात आल्यापासून ती एकदासुद्धा फुललेली नाही. मी तिला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात किती नाचवली! पुढे ठेवली, तर उन्हाने पानांच्या कडा करपल्या. जिन्याखाली ठेवली, तर रुसली. शेवटी त्या मागच्या भिंतीपाशी रमली. तिथे सकाळी जरासं कोवळं ऊन येतं आणि मग दिवसभर सावली. पालापाचोळा कुजवून घातला मी तिला, स्वतःच्या हाताने. आणि यंदा कळ्या धरल्या तर माझा डोळा! लेकीला म्हटलं, ऑपरेशन पुढे ढकलू, माझी सावळी फुलायचीय. ती म्हणाली, आई, दिसलं तर बघशील ना.

हो, दुकान बंद केलं त्या दिवशीच आणली. तुला कुठे ठाऊक असणार, तू रडत होतीस. हे कुलूप पुसत बसले होते. मला काही सुचेना, म्हणून चालत सुटले आणि शिरले त्या नर्सरीत. अगदी मागे, अंधारात, कोणी घेत नाही अशा कुंड्यांमध्ये ही उभी. मला एकदम आपल्या दुकानातली ती रांग आठवली गं. थंडीआधी काळे लोकरी कोट यायचे, धुऊन झाले की ओळीने टांगलेले असायचे, आणि आपण दोघी त्यांच्यामध्ये लपायचो… हो, तो वास. ओल्या लोकरीचा… हो… बरं, नाक पूस. मीही पुसते. मला रडायचंही नाहीये.

आता एक काम कर. ऊन कुठवर आलंय?… टबावर आलंय की अजून नळापाशी?… पानांवर आलंय! मग आधी ट्रॉली ढकल. चिमटा हलक्या हाताने काढ, दांड्याला हात देऊन… का? काय झालं?

ढकलू देत नाहीत? कोण?… अजून संपलेलं नाही म्हणतात. काय संपलेलं नाही?

त्यांच्या हातात काय आहे?

ब्लीच!

अहो!… अगं, त्यांना सांग! अहो, नको!… मी ओरडत नाहीये गं!… लेकी, तू जा तिकडे, काही नाही, मावशीशी बोलतेय… धाकटे, धर त्यांचा हात!… मापात घेतायत म्हणजे काय? ब्लीचला कसलं आलंय माप? एक थेंब पडला तर पान सडेल, दोन पडले तर सगळी मुळासकट जाईल!

कान देत नाहीत? यंत्र कानात नाही का?… टेबलावर. अर्थात. टेबलाला चांगलं ऐकू येतं आपल्या घरी.

पण का? सांग ना, इतकी वर्षं ते झाड घरात आहे, आत्ताच का?… काय म्हणतात?… पुन्हा सांग… मला दिसत नव्हतं म्हणून?

म्हणजे… म्हणजे त्यांना वाटलं, डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून हिला झाड काळं पडलेलं कळत नाहीये. आणि मला वाईट वाटेल म्हणून इतकी वर्षं बोलले नाहीत! एक अक्षर नाही! मी रोज त्या झाडाचं कौतुक करायची आणि हे माना डोलवायचे. अगं बाई!… आणि आता नवा डोळा घेऊन मी येणार, आणि बघणार, आणि मला धक्का बसणार. म्हणून त्याआधी स्वच्छ करून ठेवायचं.

धाकटे… काही नाही. जरा थांब… नाही, नाही रडत. या माणसाला काय म्हणावं तेच सुचत नाहीये. बाबांनी स्थळ आणलं तेव्हा एवढंच म्हणाले होते, मुलगा डाग काढण्यात हुशार आहे. आम्ही बाकी काही विचारलंच नाही.

बाटली उघडली?… ऐक! रुमाल! पांढरा रुमाल आहे का घरात? ओला करून त्यांच्या हातात दे… नुसता दे, त्यांना कळेल. बाबांचा रुमाल आठवत नाही तुला? कोणी काळा कोट आणला, की बाबा आधी ओला पांढरा रुमाल त्यावर घासायचे. रुमालाला काही लागलं तर मळ. नाही लागलं तर तो कापडाचा स्वतःचा रंग, त्याला हात लावायचा नाही. रुमाल दाखवल्याशिवाय बाबा कोणाला बाटलीचं बूच काढू द्यायचे नाहीत… हो, ह्यांनासुद्धा नाही. जावई झाले तरी नाही!

दिलास?… काय करतात?… रुमालाकडे बघतायत. बरं… बाटली खाली ठेवली? ठेवली! शाब्बास. घासू दे त्यांना. पान मोडू नका म्हणावं, हळू…

काय लागलं?

काळं लागलं? असं कसं लागेल?… कुठल्या बाजूला?… अगं, ती त्यांच्या अंगठ्याची खूण असेल, सकाळपासून ट्रॉलीच्या चाकांशी खेळतायत! हात धुवायला सांग. दुसरा रुमाल दे. इस्त्रीच्या कपाटात, खालच्या खणात… मिळाला?… घासतायत… काय?… काही नाही? अगदी पांढराशुभ्र?

दाखव त्यांना. उजेडात धर… काय म्हणाले?… ‘रंग पक्का आहे.’ मग! मी काय सांगत होते मघापासून! बायकोने सांगून नाही, आणि एका रुमालाने सांगून कसं कळलं बघ!

आता ढकला ट्रॉली, दोघं मिळून. भिंतीपाशी. टबाची तीच बाजू भिंतीकडे… हो, मी थांबते… सावकाश, तो उंबरठा… आपटू नका… आली सावलीत? पाणी घाल. साधं पाणी! पानांवर नको, मुळाशी… पानं जरा मान टाकून आहेत? टाकणारच, तुम्ही तिला धुतलंय! संध्याकाळपर्यंत उठेल. बरीच चिवट आहे ती.

आता काय?… हे परत बाटली शोधतायत? का?… टोकाला पांढरं दिसतंय?

कुठे टोकाला?… दांड्याच्या?… पांढरं, बारीक बारीक? बाटल्या धुवायच्या ब्रशासारखं?… धाकटे! अगं, ते… आणि ह्यांना काय वाटतंय?… वरून डाग निघायला लागलाय!

फोन दे त्यांना. आणि आधी ते यंत्र त्यांच्या कानात घाल… दे.

अहो?… ऐकू येतंय?… हो, मीच. डोळा बरा आहे… हो, स्वच्छ दिसतं… अहो, ऐका. तो डाग निघालेला नाही. ते फूल आहे… फूल! सावळी फुललीय… नाही, तुमच्या साबणाने नाही… बरं, असेल थोडं साबणानेसुद्धा. जवळ जा. वाकून वास घ्या… घ्या हो, कोणी बघत नाही… कसा आहे?… गोड?… आणखी?… अजून सांगा ना…

नाही, मला राग नाही आला. खरंच नाही… हो, बघेन की. रविवारी लेक सोडणार आहे मला. तोवर टिकेल. एकेक कळी करत हळूहळू फुलते म्हणे ती… नाही, तुम्ही काही करायचं नाही. नुसतं शेजारी खुर्ची टाकून बसा…

काय?… पाकळ्या चुरगळलेल्या दिसतात?

अहो, नवी आहे ती, उमलतेय. आपोआप सरळ होतील… नाही. नाही हो, इस्त्री नको. अगदी कोमटसुद्धा नको!… फोन धाकटीला द्या आणि बसा पाहू खुर्चीवर…

हां, धाकटे. इस्त्रीची वायर काढून तुझ्या पिशवीत घाल, आणि घरी घेऊन जा. ठेवते.