इशानची बाजू

नीलिमा, माझी बायको, अचानक गेली. महिन्याभराने मी तिच्याकडचं लायब्ररीचं पुस्तक परत करायला मुलुंडला गेलो, तेव्हाची गोष्ट. पन्नाशीतली बाई, पण वाचायची शाळकरी मुलांची अंतराळमालिका. वर समासात पेन्सिलीने मतं लिहायची.

लायब्ररीवाले सावंत पुस्तक चाळून म्हणाले, "साहेब, एवढं खोडून द्या. नियम आहे." खोडरबरही त्यांनीच दिला.

मी तिथेच बसलो. मंगळावरच्या रेवाबद्दल लिहिलं होतं, 'हिला आधी कोणीतरी जेवू घाला.' ते खोडलं. कप्तान इशानबद्दल, 'नुसता रुबाब.' तेही खोडलं.

"ओ काका, खोडताय काय!" शेजारची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी ओरडली. "माझं भांडण चालू आहे त्या काकूंशी. इशान यान सोडून पळाला, तिथे त्यांनी 'पळपुटा' लिहिलं. मी खाली लिहिलं, 'तो घाबरला होता.' मग पुस्तक परत त्यांनीच नेलं. उत्तर लिहिलं का त्यांनी?"

"ती माझी बायको. गेल्या महिन्यात वारली."

मुलीने खुर्ची जवळ ओढली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे उत्तर राहिलंच?"

मी ते पान काढलं. मुलीच्या ओळीखाली नीलिमाचं अक्षर होतं. 'घाबरला, मान्य. पण निदान सांगून जायचं ना रे!'

मुलीने दोनदा वाचलं. "हे पटलं," ती म्हणाली.

"मलाही," मी म्हटलं, आणि खोडरबर सावंतांना परत दिला.