बिनअंगठ्याचे हातमोजे

आमचं घर माणदेशातलं, मेंढरांचं, आणि त्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, हे मी इथं अमेरिकेत, सनीव्हेलमध्येसुद्धा मान वर करून सांगते. नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात, २००४ साली, ऑफिसच्या सगळ्यांचं टाहोच्या डोंगरात बर्फ बघायला जायचं ठरलं, तर मी फोनवर म्हटलं, आये, गारठा लई असतो म्हणे, घोंगडीचे हातमोजे करून धाड. आता आईनं मोजा बघितलेला तो पायातला, तोही मास्तरांच्या, तिनं घोंगडी कापून दोन पिशव्या शिवल्या, अंगठाच नाही! काय सांगू तुम्हाला, बर्फात मला जॅकेटची चेन ओढता येईना, कॉफीचा कप धरता येईना. सगळे हसले. माझी रूममेट केतकी, पुण्याची, सगळ्यात जास्त हसली, यार, ही तर भांडी उतरवायची फडकी! मग हात घालून बघितला अन् म्हणाली, कसले गरम आहेत गं, मला पण हवेत.

पुढच्या रविवारी तिनं माझ्या हातातून फोनच घेतला, मावशी, मी केतकी बोलतेय, आणि अर्धा तास बोलली. कागदावर पंजा ठेवून पेन फिरवलं, तो कागद पोस्टानं धाडला. महिन्याभरानं पार्सल आलं. एकच जोड, तिचा. अंगठा कसा नेमका, आणि मनगटाला लाल काठ. तो काठ मी ओळखला, आईच्या लग्नाच्या लुगड्याचा. केतकी आरशासमोर हात नाचवत होती आणि मी, खोटं कशाला बोलू, कात्री कुठं ठेवलीय ते आठवत होते.

आईला विचारलं, तिला काठ आणि मला पिशव्या? ती म्हणाली, अगं, परक्याची पोर, तिनं मापं दिली, तिला वंगाळ कसं धाडू? तुझा हात म्हटला की मला झोळीतली तुझी मूठच दिसती, मुठीला अंगठा कशाला लागतोय?

पण जळायचं थोडंच थांबतं.

केतकी आता लग्न होऊन तिकडं अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, मॉरिसव्हिलला असते. संक्रांतीला आईला तिचा फोन माझ्या आधी जातो, आई मलाच कौतुकानं सांगते. करू दे बापडीला. तिच्या हातांना ऊब मिळो, सुखी राहो. पिशव्या मी अजून घालते, आत मूठ आवळून. तो काठ तेवढा माझा होता.